डीजे बंद होतो, पोलीस जातात, डीजे पुन्हा सुरू होतो: गावातल्या आवाजाची तक्रार कुठं आणि कशी करायची

आमच्या घरी आवाज मोजायचं यंत्र म्हणजे माठावरचं झाकण. स्टीलचं आहे. गावाबाहेरच्या लॉनवर वरात लागली की ओसरीतल्या माठावर ते किणकिणायला लागायचं. लॉन आणि आमचं घर यांच्या मधात एक नाला आणि दोन वावरं, सरळ रेषेत दीडएकशे मीटर. झाकणाखाली ओलं फडकं घातलं की किणकिण थांबायची, छातीतली धडधड काही थांबायची नाही.

खिडक्या लावून घ्या म्हणणाऱ्यांनी एप्रिलात विदर्भात राहून पाहावं. कूलरला मागची खिडकी उघडी लागते, आणि लाइन गेली की सगळं घर अंगणात बाजा टाकून झोपतं. आवाज अडवायला भिंत असते कुठं?

मग ११२ ला फोन. ठाणं सतरा किलोमीटरवर, गाडी यायला चाळीस मिनिटं. गाडीचा दिवा दिसला की आवाज बंद. वरबाप हात जोडायचा, शिपाई दोन शब्द सुनवायचे, गाडी वळायची. मग माइकवर कोणीतरी ओरडायचं, "भाऊ, शेवटचं एक गाणं!" ते शेवटचं गाणं पावणेबारापर्यंत चालायचं. एका महिन्यात असं सहा वेळा झालं. चौथ्या का पाचव्या खेपेला मी चिडून बोललो, तर शिपाई म्हणाला, "रोज नवा वरबाप असते भाऊ, आमी कोनाकोनाले समजावाव?"

उत्तर त्याच्याच बोलण्यात होतं, फक्त मला ते कळायला महिना लागला. वरबाप रोज नवा, पण लॉनवाला तोच. डीजेवालेही फिरून फिरून तेच चार. आणि परवानगीचा कागद निघतो तो टेबलही तेच. रात्रीचा फोन आज नाचणाऱ्यापुरता असतो, तो उद्या येणारच नाही. तक्रार करायची तर उद्याही तिथंच राहणाऱ्याची करायची.

मी गावात ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला हे रोजचं. लगनसरा आला की "एक तक्रार टाइप करून दे बाप्पा" म्हणत लोक येतात. त्यातले बरेचसे अर्ज कुठं अडकतात ते आता माझ्या लक्षात आलंय, म्हणून हे सविस्तर लिहितो.

रात्र आणि दिवस यांचे कायदे वेगळे धरा

अर्ज लिहायला बसलं की लोक पहिला प्रश्न डेसिबलचा विचारतात. रात्रीच्या उघड्यावरच्या डीजेला तो प्रश्नच येत नाही. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यातला नियम ५ सरळ आहे: लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावायचा नाही, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवायचाच नाही. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागेला, किंवा सार्वजनिक आणीबाणीला. राज्य सरकार सणासमारंभासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, यादी ठाण्यात विचारा. तुमच्या शेजारचं लग्न काही त्या यादीत नसतं.

तक्रारीचा नियम ७ वा आहे. दिवसाच्या आवाजासाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असावा लागतो. रात्रीच्या बंधनाचा भंग झाला असेल तर तेवढंच कारण पुरतं. म्हणजे दहा वाजून पाच मिनिटांनी लॉनवर स्पीकर सुरू आहे, एवढी एकच गोष्ट सिद्ध करायची. "मोजायचं यंत्र आणलं नाही" हे उत्तर रात्री कोणी दिलं तर नम्रपणे नियम ५ दाखवा.

लॉनवाल्याचं ठरलेलं उत्तर, "आमची खासगी जागा आहे." खासगी असली तरी उघडी आहे. कापडाचा मांडव किंवा बाजूंनी मोकळं टिनाचं शेड म्हणजे बंदिस्त सभागृह होत नाही.

दिवसाची गोष्ट किचकट आहे. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, औद्योगिक भागाला ७५ आणि ७० अशा मर्यादा आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेवर ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेच्या हद्दीवर तर ५ डेसिबलचीच सूट.

शाळेजवळ किंवा दवाखान्याजवळ १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, असं लोक अर्जात ठोकून देतात. जरा थांबा. २०१७ च्या दुरुस्तीपासून राज्य सरकारनं तसं जाहीर केलं असेल तरच ते शांतता क्षेत्र धरलं जातं. माझ्याच हातून असे दोन अर्ज गेले आणि समोरच्यानं त्याच एका मुद्द्यावर अख्खा अर्ज उडवला. तुमच्याजवळ दहा वाजल्यानंतरच्या तारखा पक्क्या असतील तर शांतता क्षेत्राची भानगड त्यात घालूच नका.

मोबाइलचं ॲप कमी का दाखवतं

एका रात्री ओसरीत उभा राहून मी ॲप सुरू केलं. माठावरचं झाकण नाचत होतं आणि ॲप म्हणत होतं ५८. वाटलं, बिघडलं. बिघडलं नव्हतं. कायद्यातलं मोजमाप आपल्या कानाच्या ऐकण्याला जुळवून घेतलेलं असतं, आणि कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. त्यामुळे त्या पद्धतीत १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे १९ डेसिबलनं आणि ६३ हर्ट्झचा सुमारे २६ डेसिबलनं कमी धरला जातो. डीजेचा 'बेस' नेमका तिथंच असतो. आकडा छोटा दिसतो, पण टिन, झाकण आणि म्हाताऱ्या माणसाची छाती थरथरतच राहते. शिवाय मोबाइलचा माइक कुठं तपासून घेतलेला नसतो. ॲपचा आकडा पुरावा म्हणून अर्जात लिहू नका, स्वतःच्या माहितीपुरता ठेवा.

अंतराचा हिशेब मात्र उपयोगी पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. डीजेच्या गाडीपासून १० मीटरवर १०० डेसिबल धरा: २० मीटरवर ९४, ४० वर ८८, ८० वर ८२, १६० वर ७६. मर्यादा ४५. "तुमचं घर लांब आहे" म्हणणाऱ्या लॉनवाल्याला मी हाच हिशेब वहीच्या पानावर मांडून दाखवला होता. आणि थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार नि वरची गरम असते, त्यामुळे आवाज खाली वाकून आणखी लांब जातो. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांत दोन गावं पलीकडचा डीजे ऐकू येतो तो यामुळेच.

कागद कुठं टाकायचा

रात्री आवाज चालू असताना ११२ च. तो फोन सोडू नका. त्यानं त्या रात्रीचा आवाज बंद होईलच असं नाही, पण तुम्ही त्या वेळी कळवलं होतं याची नोंद होते, आणि पुढच्या अर्जाचा पाया तोच असतो. सोबत घराच्या दारातून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. भिंतीवरचं घड्याळ दाखवून मग लॉनच्या दिव्यांकडे फिरवा. लॉनवर जाऊन नाचणाऱ्यांचा व्हिडिओ काढायला जाऊ नका, दारूच्या भरातली पोरं असतात.

मग वही. तारीख, आवाज सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, ११२ ला फोन केल्याची वेळ, गाडी आली की नाही, गेल्यावर पुन्हा सुरू झालं की नाही. एक महिना पुरतो. कोणाच्या घरचं लग्न होतं ते लिहू नका. त्याची गरज नाही, आणि ती वही कधी कोणाच्या हाती पडली तर गावात नसतं भांडण उभं राहतं.

अर्ज कोणाला? लोक ठाणेदारांच्या नावानं लिहितात. ठीक आहे, परवानगी तिथूनच निघते. पण या नियमांत 'प्राधिकरण' म्हणून जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त आणि पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा नसलेला अधिकारी यांचा उल्लेख आहे. उपविभागीय पोलीस अधिकारी उपअधीक्षक दर्जाचेच असतात, म्हणून मी अर्ज त्यांच्या नावानं करतो आणि प्रत ठाणेदार, तहसीलदार नि ग्रामपंचायतीला देतो. मजकूर एका पानाच्या वर जाऊ देत नाही. साधारण असा:

"विषय: मौजा अमुक येथील अमुक लॉनवर रात्री १० नंतर वारंवार वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकाबाबत. महोदय, सदर लॉनवर खालील सहा तारखांना रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक सुरू होता. प्रत्येक वेळी ११२ वर कळवले. पथक परत गेल्यावर ध्वनिक्षेपक पुन्हा सुरू झाला. हा ध्वनी प्रदूषण नियम, २००० मधील नियम ५ चा भंग आहे. विनंती की, लॉनमालकास लेखी नोटीस द्यावी, यापुढे परवानगी देताना रात्री १० ची अट व जबाबदार म्हणून लॉनमालकाचे नाव नमूद करावे, आणि केलेली कारवाई लेखी कळवावी."

खाली तारखांचा तक्ता. बस. "आमचे जगणे मुश्किल झाले असून" हे वाक्य मी प्रत्येक अर्जातून काढतो. खरं असलं तरी त्यात वाचणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तर बाकावर बसून राहा. मी एकदा सव्वा तास बसलो. आधी चहा आला, मग शिक्का आला. पंधरा-वीस दिवसांत काही हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात त्या सहा तारखांच्या परवानग्यांच्या प्रती मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. परवानगीच नव्हती असं उत्तर आलं, तर तुमचं निम्मं काम त्यांनीच करून दिलं.

ठाण्यानं काहीच केलं नाही आणि त्रास कायमचा असेल, तर तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो. सार्वजनिक उपद्रव दूर करायचा सशर्त आदेश त्यात निघतो. जुनं कलम १३३ ते हेच, जुन्या वकिलांना तो आकडा सांगितला की लगेच समजतं. यात एकट्याच्या सहीपेक्षा पाच-सात घरांच्या सह्या असलेल्या बऱ्या, कारण मुद्दा 'सार्वजनिक' असण्याचा आहे.

व्हॉट्सॲपवर "पाच वर्षं जेल, एक लाख दंड" असं फिरत असतं. ते जुनं झालं. हे ध्वनी नियम ज्याच्याखाली येतात त्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली ती कैद १ एप्रिल २०२४ पासून गेली, आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत शास्ती आहे. लॉनवाल्याला जेलची भीती घालाल तर तो वकिलाला विचारून येईल आणि तुम्हीच तोंडघशी पडाल.

नाव फुटलं तर?

हा खरा अडथळा आहे. सहाशे उंबऱ्यांच्या गावात तक्रार कोणी केली हे दुपारपर्यंत पानठेल्यावर कळतं. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपकांच्याच प्रकरणात पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख न पटवता कारवाई करावी, आणि ओळख कळली तरी ती आवाज करणाऱ्याला सांगू नये. नागपूर खंडपीठ याच न्यायालयाचं, म्हणजे आदेश आपल्याकडेही लागू. ११२ वर बोलताना "माझं नाव तिथं सांगू नका" हे स्पष्ट बोला.

कागदावर मात्र मी माझं नाव लिहिलं. एक तर त्या दिशेला घरंच चार, कोण ते कळणारच होतं. दुसरं म्हणजे लॉनवाल्याशी कधीतरी बोलायचं होतंच, आणि निनावी माणूस बोलू शकत नाही. त्याचा पहिला वार अपेक्षेप्रमाणे बसला: "तुमच्या पुतण्याच्या लग्नात साडेअकरापर्यंत वाजलं होतं, तवा नाही झोप मोडली?" खरं होतं. त्याच लॉनवर वाजलं होतं, आणि मीही नाचलो होतो. मी म्हटलं, "मोडली ना, पलीकडच्या वस्तीतल्यांची मोडली. त्याईनं अर्ज केला असता तर बरं झालं असतं." तिथून बोलणं जरा सरळ झालं.

शेवटी काय झालं? अर्जानंतर बीट जमादारांनी लॉनवाला आणि चारही डीजेवाले यांना ठाण्यात बोलावलं. नोटीस निघाली. पण खरा फरक पडला तो लॉनवाल्यानं स्वतः काढलेल्या युक्तीनं. बुकिंगच्या पावतीवर त्यानं एक ओळ छापली, दहानंतर वाजा वाजल्यास दहा हजार अनामत परत मिळणार नाही. पंगतीला वाढपी कमी पडले तर ओरडणारा वरबाप दहाला पाच कमी असताना स्वतः डीजेच्या गाडीकडे पळताना मी पाहिलाय. त्याआधी मुहूर्त साडेसातचा असला तरी वरात नऊशिवाय पोहोचायची नाही. आता आठला पोहोचते, नाचायचं तर दहाच्या आत म्हणून.

रस्त्यावरून गावातून फिरणाऱ्या वरातीचं मात्र अजून जमलेलं नाही. तिथं कायमचा माणूस म्हणजे डीजेच्या गाडीचा मालक, आणि गाड्या तीन तालुक्यांत फिरतात. टेम्पोच्या मूळ सांगाड्यात फेरफार करून स्पीकर बसवलेले असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, त्याची तक्रार आरटीओकडे गाडीच्या क्रमांकासह करता येते. एकदा केली आहे. वाट पाहतोय.

बाकीचे आवाज

सगळ्याला अर्ज हे औषध नाही. सोयाबीनच्या दिवसांत रात्री दोनला थ्रेशर चालतं, कारण सकाळी पाऊस येईल या भीतीनं मजूर आणि मशीन मिळेल तेव्हा काम उरकायचं असतं. दोन-तीन रात्रींची गोष्ट. त्यावर तक्रार टाइप करायला आलेल्या एका काकाजींना मी परत पाठवलं.

वावरातले भोंगे हा नवा ताप आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हाकलायला बॅटरीवरचा छोटा भोंगा, त्यात कुत्र्यांच्या भुंकण्याचं नाहीतर माणसाच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग, रात्रभर. यात शेतकऱ्याचं पीक जात असतं, म्हणून पोलिसांत जाण्याआधी दिवसा त्याच्यासोबत धुऱ्यावर जा. भोंग्याचा आवाज तोंडाच्या दिशेनं सर्वात जास्त जातो. बहुतेक वेळा तोंड गावाकडे असतं, कारण खांबाला बांधताना कोणी विचारच केलेला नसतो. ते जंगलाच्या बाजूला आणि जरा जमिनीकडे झुकवून बांधलं की गावातला आवाज पुष्कळ उतरतो, आणि डुकरंही त्याच बाजूनं येतात. आमच्याकडे दोन ठिकाणी तारेचा तुकडा आणि पक्कड एवढ्यावर काम झालं.

देवळाचा भोंगा, सप्ताह, काकडा, मशिदीचा भोंगा, बुद्धविहाराचा: नियम सगळ्यांना एकच, सकाळी ६ च्या आत ध्वनिक्षेपक नाही. पण इथं आधी पोलीस पाटील आणि समितीच्या अध्यक्षांशी बोला, आणि बोलायला त्याच धर्माचा, शक्यतो त्याच मंडळातला माणूस पाठवा. दुसऱ्याच्या भोंग्यावर अर्ज घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो, आपल्याचा किती वाजता सुरू होतो? बरेच जण तिथूनच घरी जातात. गावात तंटामुक्त समिती जिवंत असेल तर हे प्रकरण तिच्यापुढे ठेवण्याजोगं आहे. २००७ मध्ये ती मोहीम सुरू झाली, काही गावांत आता फक्त कमानीवरचा फलक उरलाय.

पिठाच्या चक्कीचा आवाज बराचसा जमिनीतून येतो. मोटरीच्या पायाखाली जाड रबर आणि पट्ट्याची नीट जुळणी यानं फरक पडतो, वेळेचं ग्रामपंचायतीत ठरवून घ्यावं. जिनिंग किंवा राइस मिल असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, तक्रार त्यांच्याकडे करा. नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला त्यांची प्रादेशिक कार्यालयं आहेत. लॉनच्या जनरेटरचाही एक हिशेब आहे: १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. पेटीची दारं उघडी ठेवून चालवतात, म्हणून तो कोकलतो. ती लावायला सांगा.

झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले मित्र विचारतात, मग आमच्या नाटकांचं काय, ती तर रात्रभर चालतात. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर उत्तर अवघड आहे. पण तिथं अख्खं गाव मंडपात बसलेलं असतं, पाहुणे त्यासाठीच आलेले असतात, झोपलेलं कोणी नसतंच. त्यावर अर्ज टाइप करायला अजून कोणी माझ्याकडे आलं नाही, आलं तर मी काय करीन सांगता येत नाही.

लगनसरा जवळ आलाय. अर्ज करायला येणार असाल तर आधार कार्डाची झेरॉक्स नको. तारखांची वही आणा, आणि दुपारी चारच्या आत या. नंतर लाइन नसते.